लाकडी लूरवर क्रॅकल: भेगा हव्यात, पण पाणी आत जायला नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पांगाऱ्याच्या लाकडाचा साडेतीन इंची लूर (मासा भुलवायचं खोटं आमिष) तासलात, क्रॅकलसाठी, म्हणजे रंगाला मुद्दाम जाळीदार भेगा पाडायला, ॲक्रिलिकचा पिवळा बेस दिलात, त्यावर फेविकॉल आणि फेविकॉलवर गडद हिरवा. फळीवर भेगा झकास आल्या. लूरवर मात्र पाठ कोरीच राहिली आणि पोटाला नखाएवढे पोपडे उठले. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी इपॉक्सीचा (दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या पारदर्शक लेपाचा) हात मारून तो उजनीला नेलात. दोन फेऱ्यांत रंग दुधाळ झाला आणि गळाच्या कडीपासून सोलत गेला. आता कुठलं क्रॅकल मिडियम मागवायचं, कोणता क्लिअर कोट मारायचा आणि बिघडलेले दोन लूर वाचतील का, असं विचारलंत.

नवं क्रॅकल मिडियम मागवू नका. तुमच्या प्रश्नातल्या ‘दुधाळ’ या एका शब्दातच निम्मं उत्तर आहे. फेविकॉल वाळला की पारदर्शक होतो आणि पुन्हा भिजला की पांढुरका पडतो. म्हणजे इपॉक्सीच्या आत पाणी शिरलं आणि फेविकॉलपर्यंत पोचलं. सोलणं त्याच्या मागून झालं.

क्रॅकल म्हणजे काय ते आधी नीट समजून घेतलं, तर बाटलीवरच्या नावांचा गोंधळ उरत नाही. मे महिन्यात आपल्याकडचं काळं रान पाहिलंत ना? वरची माती वाळून आकसते, खालची ओल तिला धरून ठेवत नाही, मग ती फाटते. जिथे गाळाचा थर जाड तिथे हात जाईल एवढी भेग पडते. डबक्याच्या काठावर पातळ साय धरलेली असते, तिथे बोटाच्या पेरापेक्षा लहान खपल्या दिसतात. रंगाचंही असंच आहे. वरचा थर पटकन वाळून आकसला पाहिजे आणि त्याच वेळी खालचा थर ओला, निसरडा असला पाहिजे. वरचा थर जितका जाड, तितक्या भेगा लांब लांब. जितका पातळ, तितकी जाळी बारीक. बाजारातली बहुतेक क्रॅकल मिडियम हा निसरडा थर देण्याचंच काम करतात.

फळी सपाट असते, म्हणून फेविकॉल जिथे लावाल तिथेच थांबतो. लूर गोल असतो. कडीला टांगून ठेवलात की पाठीवरचा फेविकॉल हळूहळू खाली उतरतो. पाठीवर पापुद्रा उरतो, तो लगेच वाळतो आणि त्यावरचा रंग तडकत नाही. पोटाखाली मात्र जाड थेंब साचतो, तिथे पोपडे उठतात. तुमचा हात चुकला नाही, फक्त लूर स्थिर ठेवलात. त्यात एप्रिलमधली सोलापूरची दुपार. बाहेर त्रेचाळीस अंश, हवा कोरडी. फेविकॉल ‘चिकट पण बोटाला येत नाही’ या टप्प्यावर माझ्या खोलीत जेमतेम तीन-चार मिनिटं टिकतो. तेवढ्यात गोल अंगावर सगळीकडे रंग लावून होत नाही. पावसाळ्यात हाच टप्पा पंधरा-वीस मिनिटं चालतो, म्हणून पावसाळ्यात जमलेलं माप उन्हाळ्यात हुकतं.

म्हणून मी फेविकॉल सोडून सरसावर आलो. सुतार पूर्वी वापरायचे तो जनावराच्या कातड्या-हाडांचा सरस. त्याचा एक गुण इथे सोन्यासारखा आहे: पूर्ण वाळला तरी वरून पाण्यातला रंग लागताच तो पुन्हा मऊ होतो. फेविकॉलच्या बाबतीत तुम्हाला वेळ गाठावी लागते, सरस तुमच्यासाठी थांबतो. लूरवर सरस लावा, वाळू द्या, जेवून या, निवांत रंग लावा. रंगातलं पाणी खालचा सरस उठवतं, वरचा रंग आकसतो आणि भेगा पडतात.

दाणेदार सरस दहा ग्रॅम घेऊन वीस-पंचवीस मिली गार पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी दाणे फुगून साबुदाण्यासारखे होतात. ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळवा. पाणी साठ अंशांच्या आसपास असावं. सरस उकळू देऊ नका, उकळला की त्याची ताकद जाते आणि घरभर जो वास सुटतो तो दोन दिवस जात नाही. थंडीत सरस वाटीतच थिजतो. त्यासाठी कोरड्या सरसाच्या वजनाच्या दहा ते वीस टक्के युरिया घाला, शेताला टाकतो तोच. त्याने सरस गार झाला तरी पातळ राहतो. उन्हाळ्यात सोलापुरात ही गरज पडत नाही, खोलीच एवढी तापलेली असते की सरस थिजायचं नाव घेत नाही. उरलेला सरस मात्र उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी नासतो, म्हणून लागेल तेवढाच करा. ज्यांना प्राणिजन्य वस्तू चालत नाही त्यांनी बाभळीचा डिंक घट्ट भिजवून, गाळून पाहावा. तोही पाण्याने पुन्हा उठतो, पण भेगा जरा ठिसूळ आणि कमी नेमक्या येतात.

आता या उत्तरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. सरस असो, डिंक असो की फेविकॉल, पाण्यात हार खाणारा एक थर आपण मुद्दाम अशा वस्तूत घालतो आहोत जी आयुष्यभर पाण्यात राहणार आहे. चित्राच्या चौकटीवर किंवा देव्हाऱ्यावर क्रॅकल करणाऱ्याला ही काळजी नसते, म्हणून त्यांच्या पद्धती जशाच्या तशा लूरवर आणल्या की घात होतो. माझा पहिला क्रॅकल लूर मी हिप्परग्याच्या तलावावर नेला होता. दिसायला इतका देखणा की पाण्यात टाकवत नव्हता. अर्ध्या तासात पोटाच्या कडीभोवती फोड आला, अंगावर भाजल्यावर येतो तसा. नखाने दाबला तर आतून कोमट पाणी निघालं. त्या रात्री तो लूर चिरून पाहिला. पाणी पाठीतून, बाजूने, कुठूनही शिरलं नव्हतं. स्क्रू-आयच्या (लाकडात पिळून बसवायच्या कडीच्या) भोकातून आत गेलं होतं आणि तिथून सरसाच्या थराची वाट धरून शेपटीपर्यंत पोचलं होतं. सरसाचा थर म्हणजे पाण्यासाठी घातलेली वातच.

तेव्हापासून माझा नियम एकच: जिथे भोक, खाच किंवा जोड आहे तिथे सरस नाही. लूरच्या दोन्ही अंगांवर पेन्सिलीने मध्यरेषा काढतो. सरस फक्त त्या रेषेच्या वर, पाठीवर. नाकाच्या कडीपासून, ओठाच्या (लूरला पाण्यात बुडवणाऱ्या पातीच्या) खाचेपासून आणि शेपटीच्या कडीपासून तीन-चार मिलिमीटर जागा कोरी सोडतो. पोटाला सरस अजिबात नाही, कारण गळाची कडी तिथेच असते, वजनाचं शिसं तिथेच बसवलेलं असतं आणि दगडावर घासणारी बाजूही तीच. म्हणजे उद्या शिंगाळ्या माशाने लूर दगडात नेऊन कडीजवळचा क्लिअर कोट उडवला, तरी पाणी लाकडात मुरवलेल्या इपॉक्सीपाशी थांबतं, त्याला सरस सापडत नाही.

यात देखणेपणही जात नाही. क्रॅकलचा जुना घाटच असा आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डोवाजिॲक गावच्या हेडन कंपनीचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे लाकडी लूर पाहा. त्यांच्या ‘क्रॅकलबॅक’ रंगसंगतीत भेगांची जाळी पाठीवर आणि पोट साधं फिकं असतं. संग्राहक आजही ते लूर जिवापाड जपतात. माशाचं अंगही असंच असतं, पाठ गडद नि नक्षीदार, पोट पांढरं.

आधी लाकूड. पांगारा निवडलात ते चांगलं केलंत. सावंतवाडीकडे खेळणी आणि लाकडी फळं पूर्वापार त्याची होत आली, हलका आहे आणि चाकूला गोड लागतो. पण तो पाणी पितो. एकशेवीस, दोनशेवीस, तीनशेवीस असे पॉलिश पेपर फिरवा, मग इपॉक्सी किंचित गरम करून पातळ झालेलं लाकडात मुरवा. कड्यांची भोकं आधीच पाडून त्यातही एकेक थेंब सोडा. हा थर वाळला की लूर बादलीत टाकून तोल पाहा. शिशाचं वजन कमी-जास्त करायचं ते आत्ताच, रंगानंतर नाही. शिसं हाताळलं की हात साबणाने धुवायचे आणि ते वितळवायचं असेल तर उघड्यावर, घरातली मुलं जवळ नसताना.

बेसचा रंग म्हणजे भेगांचा रंग. पिवळ्यावर गडद हिरवा ही तुमची निवड बेडकासारख्या लूरला शोभते. उजनीचं पाणी उन्हाळ्यात शेवाळाने हिरवं गढूळ होतं, त्यात बारीक रंगछटा हरवतात, उजेड-काळोखाचा फरक तेवढा दिसतो. म्हणून काळ्याखाली फिकट सोनेरी किंवा गडद तपकिरीखाली पांढरा असा टोकाचा फरक ठेवा. मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो चंदेरी बेस. पाठीवर ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवून, चमच्याच्या पाठीने घोटून गुळगुळीत करायची, वर पातळ इपॉक्सी, मग सरस, मग काळपट हिरवा. लूर वळला की भेगांमधून चांदी लकाकते. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी 1936 मध्ये बुचाचा (कॉर्कचा) पहिला लूर केला तेव्हा चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी अंगाला लावली होती आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला होता. हाती असलेल्या वस्तूंतून चमक आणि जलरोधक कवच, दोन्ही साधलं होतं.

सरस लावायला अर्धा इंची मऊ ब्रश घ्या, एकच पातळ हात. लूर फिरता ठेवा. मी जुन्या मायक्रोवेव्हच्या ताटलीखालची मोटर वापरतो, मिनिटाला पाच-सहा फेरे घेते. माझी थेट घरच्या विजेवर चालते (सगळ्याच तशा नसतात), म्हणून जोड नीट झाकलेले असू द्या आणि ओल्या हाताने शिवू नका. कूलरच्या झडपा हलवणारी छोटी मोटरही चालते. फिरत्या लूरवर सरस खाली उतरत नाही, तुमचा पोपड्यांचा त्रास तिथेच संपतो. इपॉक्सीच्या वेळीही हीच मोटर लागणार आहे.

वरचा रंग निवडताना महागाच्या मागे जाऊ नका. उत्तम प्रतीच्या ॲक्रिलिकमध्ये चिकटद्रव्य जास्त असतं, ते रबरासारखं ताणतं आणि तडकायला तयार होत नाही. साधा मॅट ॲक्रिलिक घ्या, त्यात निम्मा पोस्टर कलर मिसळा. सायीच्या ताकाइतका दाट ठेवा. ब्रशने लावलात तर भेगा ब्रशच्या दिशेने धावतात: लांबीच्या दिशेने ओढलात तर लूर बांबूच्या चिरफळीसारखा दिसतो, आडवा ओढलात तर खवल्यांचा भास होतो. कोळ्याच्या जाळ्यासारखी चहूबाजूंची जाळी हवी असेल तर अंघोळीच्या स्पंजचा तुकडा रंगात बुडवून टिपत जा. एका जागी एकदाच. दुसऱ्यांदा स्पर्श केलात की खालून उठलेला सरस रंगात कालवला जातो आणि तिथे चिखल होतो, भेग नाही. पंखा आणि कूलर दोन्ही बंद. पंख्याने एकाच बाजूला भेगा पडतात, कूलर हवेत ओल भरतो.

आणि मग हातातलं सगळं खाली ठेवून पाहा. पहिलं अर्धं मिनिट काहीच होत नाही. मग पाठीच्या सगळ्यात उंच कण्यावर, जिथे रंग आधी वाळतो, तिथे ओलसर चकाकी मावळते आणि केसाएवढी पिवळी रेघ उमटते. तिच्या टोकाला दुसरी फुटते, तिरकी. दोन रेघा भेटतात तिथे एक तुकडा सुटा होतो आणि किंचित आकसून आपली जागा घेतो. मिनिटाभरात ही जाळी खांद्यावरून खाली उतरते आणि पेन्सिलीच्या रेषेपाशी, सरस संपतो तिथे, आपोआप थांबते. साडेतीन इंची लूरवर एकेक तुकडा दोन मिलिमीटरच्या आत असावा. ज्वारीच्या दाण्याहून मोठा झाला तर लूर भेगाळलेला नाही, फुटलेला दिसतो. तसं झालं तर पुढच्या वेळी सरस आणि रंग दोन्ही पातळ करा. जाळी फारच बारीक हवी असेल तर रंग टिपल्याबरोबर हेअर ड्रायर वीतभर लांबून फिरवा.

मध्यरेषेवरची कड तशीच ठेवली तर टोपी घातल्यासारखी दिसते. भेगा पक्क्या वाळल्यावर त्या कडेवर जवळजवळ कोरड्या स्पंजने मधला एखादा रंग हलकेच टिपा. खवले हवे असतील तर अंगाच्या खालच्या भागावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून वरून रंग उडवायचा. तिथे सरस नाही, म्हणून चिंता नाही.

यानंतरची घाई तुम्हाला भोवली. दुपारी क्रॅकल, सकाळी इपॉक्सी. वरचा रंग बोटाला कोरडा लागत होता, पण खालच्या थरात ओल होती. ती इपॉक्सीखाली कोंडली, उन्हात तापली आणि तिने लेप आतून ढकलला. कड्यांशी तडा गेला आणि बाहेरच्या पाण्याला दार उघडलं. उन्हाळ्यात किमान पूर्ण चोवीस तास, पावसाळ्यात तीन दिवस थांबा. मला शंका असेल तर मी लूर माझ्या ओठांना लावून पाहतो. आत ओल असेल तर तो शेजारच्या कोरड्या लाकडापेक्षा गार लागतो.

क्लिअर कोटमध्ये पाण्यावर आधारलेलं व्हार्निश पूर्ण वर्ज्य. पहिल्याच हातात ते सरस उठवतं आणि तुमच्या भेगा डोळ्यांदेखत वाहून जातात. मी इपॉक्सीचे दोन हात देतो. पहिला अगदी पातळ, ताठ केसांच्या ब्रशने भेगांत रगडून. भेगांत हवा असते, जाड हात मारलात तर ती हवा बुडबुडे होऊन वर येते आणि टाचणीएवढी छिद्रं राहतात. तेवढ्या छिद्रातूनही पाणी जातं. हात देऊन झाला की ड्रायरची कोमट झुळूक द्या, बुडबुडे फुटतात. दुसऱ्या हाताने भेगांची दरी भरते आणि वरून बोट फिरवलं तर काच. कड्यांच्या बुडाशी, ओठाच्या सांध्याशी थोडं जास्त. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण काट्यावर मोजा, अंदाजाने नाही. आपल्या उन्हात इपॉक्सी हातातच तापून घट्ट होते, दहा अंश वाढले की वेळ साधारण निम्मा होतो. म्हणून एका वेळी पाच-सहा ग्रॅमच, खोल कपात न ठेवता पसरट झाकणात, आणि उन्हाळ्यात पहाटे. पावसाळ्यात वाळलेल्या इपॉक्सीवर तेलकट साय येते, ती साबणाच्या पाण्याने पुसून मगच दुसरा हात.

इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते. हिरव्या-तपकिरी लूरवर ते कळत नाही, पांढऱ्या-चंदेरीवर कळतं. तिथे वरून गाड्यांच्या रंगकामात वापरतात तो दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर एक हात द्या, आधी इपॉक्सीवर सहाशेचा पेपर हलका फिरवून. पीयूच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना वाईट असते. कापडी मास्क पुरत नाही, वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क घाला आणि काम गच्चीवर करा. तेवढी सोय नसेल तर पीयू सोडा, पिवळेपणा परवडला.

पाण्यावर न्यायच्या आधी प्रत्येक लूर मी घरीच छळतो. रात्रभर बादलीत, दुसऱ्या दुपारी दोन तास गच्चीच्या पत्र्यावर, पुन्हा रात्रभर बादलीत. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिक्कीत लूरला जे सोसावं लागतं, त्याच्या जवळपास हे जातं. आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. वजन वाढलं तर पाणी शिरलं आहे, वरून कितीही सुंदर दिसो.

भेगांमुळे मासा जास्त लागतो का, हेही ओघात विचारलंत. मरळ हा मासा पृष्ठभागावरच्या लूरवर खालून येतो. तिला दिसतं ते पोट आणि सावली, जाणवते ती पाण्याची हालचाल. पाठीची नक्षी तिच्या नजरेत येतच नाही. बुडणाऱ्या लूरच्या बाजूने शिंगाळा आला तर गडद-फिकट तुकड्यांचा थोडा उपयोग होत असेल. क्रॅकल मी करतो ते मुख्यतः मला ते काम मनापासून आवडतं म्हणून. तुम्हीही त्याचसाठी करा, तोल आणि पोहणं यांच्यातला वेळ काढून नको. आणि एक विनंती: पावसाळ्यात उथळ पाण्यात तांबूस पिलांचा गोळा आणि भोवती फिरणारी मरळ दिसली तर तिथे लूर टाकू नका. ती लूरवर झडप घालते ती पिलं राखण्यासाठी, आणि तिला वर काढलं की त्या पिलांना राखणारं कुणी उरत नाही.

तुमचे दोन्ही लूर वाचतील. गळ आणि कड्या काढा, सैल झालेला इपॉक्सीचा लेप ब्लेडने पाठीवर लांबीने चिरा आणि लूर कोमट पाण्यात तासभर ठेवा. फेविकॉल मऊ पडून रंगासकट सालासारखा निघेल. घट्ट धरलेला भाग ओढू नका, पेपरने घासा. मग सावलीत आठवडाभर वाळवा आणि रोज वजन लिहून ठेवा. सलग तीन दिवस काटा हलला नाही की लाकूड कोरडं झालं. कड्यांची भोकं काळी पडली असतील तर एक नंबर मोठ्या ड्रिलने साफ करून इपॉक्सीने भरा आणि नव्याने पाडा. पहिला लूर करताना सरस फक्त पाठीच्या मधल्या दोन इंचांवर लावा, बाकी साधा रंगवा. तेवढ्यावर भेगा मनासारख्या आल्या आणि बादलीतून वजन न वाढता बाहेर आला, की दुसऱ्याला मध्यरेषेपर्यंत उतरवा.